राखीव इंजिन आणि वैनगंगाकांठचा पावसाळा

भंडारा शहरांत राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनीं जुनी शेव्हरोलेट मोटार पुन्हां रस्त्यावर आणण्याचा संकल्प केला. गाडी 1930 च्या सुमाराची, सहा सिलिंडरांची. तिच्याबरोबर त्यांना एक दुसरें, राखीव इंजिनहि मिळालें. "मूळ इंजिनाचें काम होईपर्यंत हें राहूं द्या गोठ्यांत," असें म्हणून त्यांनीं तें जमिनीवर उतरवून ठेवलें, वर ताडपत्री गुंडाळून करकचून बांधली आणि ते निश्चिंत झाले. दोन पावसाळे गेले. पुढें मूळ इंजिनाच्या ठोकळ्यास दुरुस्त न होणारी भेग असल्याचें मिस्त्रीच्या ध्यानांत आलें आणि घरांतल्या सर्वांच्या नजरा गोठ्याकडे वळल्या. ताडपत्री सोडली, हँडल लावलें. पण तें तसूभरहि हालेना. ज्याच्या भरंवशावर सारा खटाटोप चालला होता, तें इंजिन आंतून गंजून बसलें होतें.

स्नेह्यांनीं मला विचारलें, "अहो, जें एक दिवसहि चाललें नाहीं, तें बिघडलें कसें?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याच्या उत्तरांत यंत्रयुगाच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित भाग दडलेला आहे. यंत्रें कोणीं शोधलीं व तीं कशीं चालविलीं, हें आपण पुस्तकांतून वाचतों. थांबलेलें यंत्र मनुष्यानें कसें सांभाळलें, ही कथा मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. तीच आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावी, असा विचार आहे.

प्रथम या इंजिनाची ओळख करून घेऊं. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें 1928 सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. सुटे भाग जहाजानें यावयाचे आणि गाडी येथें उभी राहावयाची, असा तो व्यवहार होता. 1929 सालीं शेव्हरोलेटनें आपलें नवें सहा सिलिंडरांचें इंजिन बाजारांत आणलें. त्याची शक्ति 46 अश्वांची होती आणि त्याचे पिस्टनसुद्धां ओतीव लोखंडाचे होते. शिवडीचा तो कारखाना 1954 सालीं बंद झाला. तेव्हां आज या गाडीचा एखादा भाग हवा असेल, तर तो कोणाच्या तरी जुन्या सांठ्यांतूनच मिळवावा लागतो. गोठ्यांतल्या त्या धुडाची किंमत रुपयांत मोजण्यासारखी नव्हती ती यामुळेंच.

ओतीव लोखंडाच्या सिलिंडरांत ओतीव लोखंडाचा पिस्टन: दोहोंमध्यें अंतर असतें तें केंसाएवढें. लोखंड गंजलें म्हणजे त्याचें आकारमान वाढतें. मूळ धातूपेक्षां गंज कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्या केंसाएवढ्या फटींत गंज माजला, कीं पाचर ठोकल्याप्रमाणें पिस्टन जागच्या जागीं अडकतो. चालत्या इंजिनांत तेलाचा पातळ पडदा सदैव फिरत असतो आणि उष्णतेनें ओलावा उडून जातो. इंजिन थांबलें, कीं तेल हळूहळू खालीं ओघळतें आणि उघडी पडलेली भिंत हवेच्या स्वाधीन होते.

आतां ही हवा भंडाऱ्याची आहे, हें विसरून चालणार नाहीं. वैनगंगेच्या कांठचा हा तलावांचा जिल्हा. वर्षाकांठीं येथें 1300 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. धानाच्या पिकास हें वरदान असलें, तरी लोखंडास तो शाप आहे. इंग्लंडांत डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या शास्त्रज्ञांनीं विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत प्रयोग करून दाखविलें, कीं हवेंतील सापेक्ष आर्द्रता एका ठराविक मर्यादेच्या खालीं असेल, तोंवर लोखंड जवळजवळ गंजत नाहीं. ती मर्यादा ओलांडली, कीं गंज झपाट्यानें वाढतो. साधारणपणें ही मर्यादा शेंकडा 60 च्या सुमारास मानतात. विदर्भांतल्या श्रावणांत ती रोजच ओलांडली जाते.

स्नेह्यांनीं बांधलेल्या ताडपत्रीनें या संकटांत भरच घातली. मातीच्या जमिनींतून वर येणारा ओलावा तिच्या आंत कोंडला गेला. पहांटे गार झालेल्या लोखंडावर, मडक्यावर पाझर दिसावा तसें, दंव धरूं लागलें. शिवाय चार टोल्यांच्या इंजिनाची एक खोड अशी, कीं तें कोठेंहि थांबवा, कांहीं सिलिंडरांच्या झडपा उघड्याच राहतात. त्या वाटेनें ओली हवा आंत शिरते.

लोखंड ओलाव्यापासून जपावें, हें ज्ञान मोटारीबरोबर आलें असें मात्र नाहीं. स्नेह्यांच्या मातोश्री हा सर्व प्रकार ओटीवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, नांगराचा फाळसुद्धां आम्ही तेल लावून चुलीवरच्या माळ्यावर ठेवत होतों. तूं एवढं महागाचं लोखंड मातीत ठेवलंस?" आजींच्या या एका वाक्यांत अर्धें शास्त्र आलें. तेलाचा पडदा पाण्यास दूर ठेवतो आणि चुलीची ऊब हवा कोरडी राखते.

तेल कोणतें, यांतहि मर्म आहे. या भागांत उभ्या धानांत जवस आणि लाखोळी पेरण्याची उतेरा पद्धति जुनी आहे. जवसाचें तेल हवेंत वाळून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. त्यामुळें बाहेरच्या रंगास तें उत्तम. मारुतीला तेलांत कालवून जो शेंदूर आपण लावतों, तो म्हणजे शिशाचें लाल भस्म. हेंच भस्म जवसाच्या तेलांत खलून युरोपांतील व हिंदुस्थानांतील लोखंडी पुलांना पहिला हात देत असत. शिसें विषारी असल्यामुळें आतां तो प्रघात मागें पडला आहे. परंतु हेंच वाळणारें तेल कोणी इंजिनाच्या आंत घालील, तर रिंगा डिंकासारख्या चिकटून बसतील. बाहेरचें औषध पोटांत घ्यावयाचें नसतें, हा नियम यंत्रासहि लागू आहे.

वाफेच्या युगांत ही विद्या पुढें गेली. यंत्राच्या चकचकीत भागांवर सफेदा आणि चरबी यांचें मिश्रण फांसण्याची चाल जहाजांवर व कारखान्यांत सर्वत्र होती. बंद ठेवावयाचा बॉयलर पुरता रिता करून, वाळवून, त्यांत कळीच्या चुन्याचीं तबकें ठेवीत आणि झांकणें घट्ट लावीत. आंतील ओलावा चुना शोषून घेई. भंडारा जिल्ह्याशीं आगगाडीचा संबंध फार जुना आहे. नागपूरहून राजनांदगांवकडे जाणारी मीटर मापाची लोहवाट 1880 ते 1882 या काळांत सुरूं झाली. पुढें बंगाल-नागपूर रेल्वेनें ती आपल्याकडे घेऊन रुंद मापाची केली. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी छोटी लाइन विसाव्या शतकाच्या आरंभीं झाली. गोंदिया तेव्हां भंडारा जिल्ह्यांतच होतें. तो जिल्हा वेगळा झाला 1999 सालीं. या छोट्या लाइनींचीं मापें कालांतरानें बदललीं आणि त्यांवरचीं इंजिनें कायमचीं थांबलीं. त्यांच्या स्मृति जपण्यासाठीं नागपूरच्या मोतीबागेंत 2002 सालीं छोट्या लाइनीचें संग्रहालय उघडण्यांत आलें.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. पाहण्यासाठीं जतन करणें वेगळें आणि पुन्हां चालविण्यासाठीं जतन करणें वेगळें. पहिल्यास बाहेरचा रंग पुरतो. दुसऱ्यास न दिसणाऱ्या जागांची काळजी घ्यावी लागते.

ही दुसरी विद्या पूर्णतेस नेली ती दुसऱ्या महायुद्धानें. हिंदुस्थानांत 1941 सालीं पेट्रोलवर नियंत्रण आलें. पुष्कळ बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालूं लागल्या आणि त्यांतील राखेनें त्यांचीं सिलिंडरें झिजलीं. कित्येक खासगी मोटारी तर घरींच उभ्या राहिल्या. त्याच वेळीं अमेरिकेहून विमानांचीं इंजिनें समुद्रमार्गें जगभर रवाना होत होतीं. खाऱ्या हवेंत तीं टिकावीं म्हणून आंत संरक्षक तेल फवारीत, प्लगच्या भोंकांत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या नळ्या बसवीत आणि सारें इंजिन प्लायोफिल्म नांवाच्या पारदर्शक पिशवींत बंद करीत. हे दाणे म्हणजे सिलिका जेल. वॉल्टर पॅट्रिक या रसायनशास्त्रज्ञांस त्याचें पेटंट 1919 सालीं मिळालें होतें. दाण्यांस दिलेला निळा रंग ओलावा धरल्यावर गुलाबी होई. पाहणाऱ्यास आंतली स्थिति बाहेरून कळे. त्या निळ्या रंगांतलें कोबाल्टचें लवण अपायकारक ठरल्यामुळें हल्लीं नारिंगी दाणे अधिक पसंत करतात.

युद्ध संपल्यावर अमेरिकन आरमारानें शेंकडों जहाजें अशाच रीतीनें नांगरून ठेवलीं. आंतील हवा यंत्रांनीं कोरडी राखिली. 'न्यू जर्सी' ही युद्धनौका 1948 सालीं विश्रांतीस गेली आणि कोरियाचें युद्ध पेटतांच 1950 सालीं पुन्हां कामावर रुजूं झाली. एवढी प्रचंड नौका दोन वर्षांनीं जागी होते आणि आमच्या गोठ्यांतलें इंजिन तेवढ्याच काळांत गतप्राण होतें, या दोहोंत फरक केवळ पूर्वतयारीचा आहे.

ही तयारी घरगुती साधनांनींहि होऊं शकते. इंजिन चालतें असेल, तर तें गरम होईपर्यंत चालवून जुनें तेल काढून टाकावें. त्या तेलांत जळणाचें आम्ल आणि पाणी सांठलेलें असतें. नवें तेल भरावें. पाण्याच्या पोकळ्या रित्या करून वाळवाव्या. कार्ब्युरेटरमध्यें पेट्रोल ठेवूं नये. त्याचा कालांतरानें डिंक बनतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें संरक्षक तेल सोडावें, हँडलानें दोनचार फेरे द्यावे आणि मग रॉकरांचा दांडा उतरवून ठेवावा, म्हणजे सर्व झडपा मिटतात. कार्ब्युरेटर व धुराडें यांचीं तोंडें लांकडी बुचांनीं बंद करावीं. इंजिन मातीवर न ठेवतां जाड ओंडक्यांवर ठेवावें आणि वर हवा खेळूं देणारें जाड कापड घालावें. दरमहा उगाच हँडल फिरविण्याचा मोह अनेकांस होतो; परंतु कोरड्या भिंतीवर रिंगा घासून उरलासुरला तेलाचा पडदाहि पुसला जातो. फिरवावयाचें असेल, तर आधीं तेल सोडावें.

शेवटची गोष्ट अगदीं क्षुल्लक वाटेल. इंजिनाला एक चिठ्ठी बांधावी: कोणत्या दिवशीं काय केलें, आंत तेल आहे कीं नाहीं, दाणे कोठें ठेवले आहेत. ठेवणारा आणि उघडणारा हे नेहमींच एक असतात असें नाहीं. शिवाय येथें पूरहि येतो. 2020 सालच्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचें पाणी भंडाऱ्याच्या वस्तींत शिरलें होतें, ही आठवण ताजी आहे. वस्तु किती उंचीवर ठेवावी, हें ज्यानें त्यानें आपल्या अंगणांतल्या पाण्याच्या खुणेवरून ठरवावें.

स्नेह्यांच्या इंजिनाचें पुढें काय झालें, हें सांगून हें भाषण संपवितों. माथा उतरविल्यावर दिसलें, कीं ज्या दोन सिलिंडरांच्या झडपा योगायोगानें मिटलेल्या होत्या, ते जवळजवळ स्वच्छ होते. उरलेले चार तांबडे झाले होते. पंधरा दिवस पातळ तेल मुरवून, लांकडाच्या ठोकळ्यानें हलके ठोके देत, मिस्त्रीनें एकेक पिस्टन सोडविला. पांचवा मात्र फोडूनच काढावा लागला आणि त्या सिलिंडरांत नवी बाही बसवावी लागली. खर्च बराच आला. पण ठोकळा वांचला.

परवां मी पुन्हां तेथें गेलों, तेव्हां दुरुस्त झालेलें तें इंजिन माजघरालगतच्या कोरड्या खोलींत ओंडक्यांवर बसलें होतें. गाडीचा सांगाडा तयार व्हावयास अजून एक पावसाळा जाणार आहे. इंजिनाला दोऱ्यानें बांधलेली एक चिठ्ठी लोंबत होती. अक्षर स्नेह्यांच्या नातीचें होतें. खालीं तारीख घालून तिनें लिहिलें होतें, "सर्व झडपा बंद. आंत तेल आहे. आजीला विचारून उघडणें."