दीड आण्याची ट्राम

शहरांचे इतिहास लिहिताना बंदरे, पुतळे व गव्हर्नरांच्या कारकीर्दी यांची नोंद सविस्तर केली जाते. परंतु गरीब माणूस कामावर कसा जात असे, आणि तेवढ्यासाठी त्याच्या मिळकतीचा किती भाग खर्ची पडत असे, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते शहराची खरी परीक्षा याच प्रश्नाने होते. ज्यास गाडीभाडे परवडत नाही, त्यास घर कोठे करावे याची निवडच उरत नाही. जेथे काम मिळेल, तेथेच त्यास पाठ टेकावी लागते. झोपडपट्टीचे मूळ शोधू गेल्यास ते पुष्कळ अंशी येथेच सापडते. मुंबईच्या उदाहरणावरून हे पडताळून पाहू.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीस जाण्यास प्रारंभी तीन आणे पडत. लवकरच ते दोन झाले, व १८९९ साली सरसकट एक आणा दर ठरला. तरीही गिरणी कामगारास हा आणा रोज दोन वेळा मोजणे जड होते. म्हणून तो परळ-लालबागच्या चाळींत, गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर, एका खोलीत दहा-दहा जण दाटून राहत असे. १८९६ साली प्लेग आला, आणि १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्त्या पाडण्याचे काम निघाले. परंतु पाडलेल्या खोल्यांतील माणसे दूर मोकळ्या जागी गेली नाहीत. ती शेजारच्या चाळींत अधिकच कोंबली गेली. रोग हवेत आहे असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांस, माणसे एकमेकांस चिकटून का राहतात, हे कोडे उलगडले नाही. वास्तविक त्याचे उत्तर कामाच्या जागेत व गाडीभाड्यात होते.

७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, आणि हळूहळू तीच गरिबांचे वाहन बनली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. पण पुढे कित्येक वर्षे बस ही वरच्या मध्यम वर्गाचीच समजली जाई. सासून डॉकपासून दादरपर्यंत ट्रामला दीड आणा लागे, आणि तेवढ्याच अंतरास बसला चार आणे. हा अडीच आण्यांचा फरक बाबूस फारसा जाणवत नसेल. हमालास मात्र तो भाकरीबरोबरच्या कोरड्यासाचा फरक होता. १९४७ साली ही वाहतूक महापालिकेच्या हाती आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम धावून हे पर्व संपले. ट्रामचे रूळ बेटाची वेस ओलांडून कधी गेलेच नव्हते. पण शहर मात्र १९५० व १९५७ साली उपनगरे पोटात घेऊन दूरवर पसरले होते.

पुढे १९८१ च्या पावसाळ्यात पदपथावरील झोपड्या पाडून त्यांतील माणसांस बसमध्ये घालून शहराबाहेर धाडण्यात आले. आयुष्यभर ज्यांनी बसचे भाडे वाचविण्यासाठी पदपथ पत्करला, त्यांस सरकारने फुकट बस दिली ती हाकलून देण्यासाठी! त्यावरून ओल्गा टेलिस खटला उभा राहिला. कामाजवळ राहिलो नाही तर येण्याजाण्याचा वेळ व पैसा आम्हांस झेपत नाही, आणि काम सुटले की जगणेच सुटते, असे गरिबांच्या बाजूने मांडण्यात आले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे हे तत्त्व मान्य केले. तथापि रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटविण्याची मुभाही दिली. तत्त्व गरिबांस मिळाले, पदपथ महापालिकेस मिळाला.

२००२ साली आरंभ झालेल्या नागरी वाहतूक प्रकल्पात आगगाड्यांचा वेग वाढावा म्हणून रुळांलगतच्या वस्त्या उठविण्यात आल्या. अंदाजे एक लाख माणसांस मानखुर्द वगैरे ठिकाणी पक्की घरे मिळाली. पावसात न गळणारे छप्पर ही थोडी गोष्ट नव्हे, हे आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. परंतु चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईस ती चार घरे पायी गाठता येत होती. घर दूर गेले तेव्हा एकेका कामाच्या मागे भाडे उभे राहिले. गाड्यांसाठी जिने जागा दिली, तिलाच गाडी महाग झाली.

यास उपाय नाही असे कोणी म्हणू नये. २०१९ च्या जुलैत बेस्टने किमान भाडे आठ रुपयांवरून पाचावर आणताच उतारूंची संख्या झपाट्याने वाढली. मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा रुपये करण्यात आले. बससेवा तोट्यात चालते हा हिशेब खोटा नाही. पण त्या वहीत एक रकाना कोराच राहतो. भाडे न परवडल्याने जो मनुष्य पुन्हा नाल्याकाठी झोपडी बांधतो, त्याच्या आजारपणाचा, पुढे ती झोपडी पाडण्याचा व तिच्या बदल्यात घर देण्याचा खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा? तो शेवटी शहरच भरते. आपल्या घरची भांडी ज्या हातांनी घासली जातात, ते हात सकाळी कोठून व कसे येतात, याची चौकशी वाचकांनी एकवार अवश्य करावी, अशी आमची विनंती आहे.