सेव्ह नसलेला खेळ: कॉन्ट्रा, कॅसेट आणि यवतमाळची वीज

इतिहासाच्या व्याख्यानात 'कॉन्ट्रा' हे नाव ऐकून मागच्या रांगेत काही जण हसले. हसा, हरकत नाही. पण इथे पस्तिशी-चाळिशीतले जे बसले आहेत, ते दारव्ह्याचे असोत, पुसदचे असोत की वणीचे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीला वायर जोडून हा खेळ खेळलेला आहे. आज मोठेपणी तोच खेळ पुन्हा लावला तर काय दिसतं, एवढाच आजचा विषय. कारण खेळ हाही एक दस्तऐवज असतो, आणि तो वाचता येतो.

आधी त्या डब्याविषयी बोलू. निन्टेंडोने 15 जुलै 1983 ला जपानमध्ये 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र विकायला काढलं. आपण ज्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो तो बहुतेक वेळा याच यंत्राची तैवान-चीनकडून आलेली नक्कल असायची. मूळ यंत्रात अनेक चिप होत्या. नकला करणाऱ्यांनी पुढे ते सगळं एकाच चिपमध्ये बसवलं. जुनी कॅसेट उघडून पाहा, आत हिरव्या पट्टीवर काळा डांबरी ठिपका दिसेल. चिप त्याच्याखाली असते. त्यामुळे वस्तू स्वस्त झाली. दुसरं कारण आपल्याकडचं. 1991 पासून आयात हळूहळू मोकळी होत गेली आणि ग्राहकोपयोगी वस्तूंवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं 1 एप्रिल 2001 ला उठली. मग चिनी माल तालुक्याच्या बाजारापर्यंत यायला वेळ लागला नाही.

आणि ते '9999 इन 1'? पोट्टे ते खरं मानायचे. आत खेळ मोजकेच असायचे. यादीतलं नाव बदलायचं आणि तोच खेळ वेगळ्या लेव्हलपासून किंवा जास्त लाइफ देऊन सुरू करायचा, एवढीच युक्ती.

आता कॉन्ट्रा. कोनामी कंपनीने 1987 मध्ये तो नाणी टाकून खेळायच्या यंत्रावर आणला, 1988 मध्ये घरच्या यंत्रावर. पुढे 'सुपर कॉन्ट्रा', 1992 चा 'कॉन्ट्रा थ्री' अशी मालिकाच झाली. अगदी 2024 मध्येही 'ऑपरेशन गालुगा' आला. लहानपणी आपल्याला कथा ठाऊक नव्हती, कारण पुस्तिका आपल्यापर्यंत आलीच नाही. उघडे-बंब दोन शिपाई, जंगल, आणि 'एस'वाली बंदूक मिळाली की राज्य आपलं!

मोठेपणी त्या नावाचा अर्थ शोधला की माणूस दचकतो. निकाराग्वातल्या सँडिनिस्टा सरकारविरुद्ध अमेरिकेच्या पैशावर लढणाऱ्या बंडखोरांना 'कॉन्ट्रा' म्हणत. 1986 च्या नोव्हेंबरात त्या पैशाचं प्रकरण उघडकीला आलं आणि जगभर गाजलं. काही महिन्यांत हा खेळ आला, आणि त्यातल्या शेवटच्या संगीताचं नाव चक्क 'सँडिनिस्टा'. जपानी कथेत सगळं 2633 सालात, गालुगा बेटांवर घडतं. अमेरिकन पुस्तिकेने तेच वर्तमानकाळात, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नेलं. युरोपात 1990 मध्ये माणसांच्या जागी यंत्रमानव घातले आणि नाव ठेवलं 'प्रोबोटेक्टर'. म्हणजे प्रत्येक प्रदेशाने आपापल्या सोयीचं युद्ध करून घेतलं. आपल्याला मात्र कथेशिवाय, नुसतं युद्ध मिळालं.

दुसरा धक्का वेळेचा आहे. हात बसलेला खेळाडू कॉन्ट्राच्या आठही लेव्हल अर्ध्या तासात संपवतो. मग लहानपणी तो कधीच का संपत नव्हता? तीन लाइफ, हे एक कारण. 'वर-वर-खाली-खाली' हा तीस लाइफचा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 च्या 'ग्रेडियस'साठी तयार केला होता. तो खेळ त्यांना स्वतःलाच अवघड जात होता. पण तीस लाइफ मिळाले तरी हा खेळ सेव्ह करता येत नव्हता. आणि मध्येच लाईन जायची.

इथे आपला इतिहास सुरू होतो. 2005-06 च्या सुमारास महाराष्ट्रात विजेचा तुटवडा एवढा होता की ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास लोडशेडिंग चालायचं. 2006 मध्ये पुण्याने कारखान्यांच्या जनरेटरचा आधार घेऊन, थोडा जादा दर भरून, लोडशेडिंगमधून सुटका करून घेतली. आपल्या वणी तालुक्यातून मात्र कोळसा निघत होता, शेजारी चंद्रपूरला वीज तयार होत होती, आणि आपल्या घरातला टीव्ही तिसऱ्या लेव्हलच्या धबधब्यावर काळा पडत होता. लाईन आली की पुन्हा पहिल्या लेव्हलपासून. एकाच खेळाचं पुण्यातलं आणि घाटंजीतलं बालपण सारखं नव्हतं, ते यामुळे.

त्याच वर्षी, 1 जुलै 2006 ला, यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या दशकातलं यवतमाळ कागदोपत्री एकाच शब्दात उरलं आहे: आत्महत्या. ते दुःख खरं आहे, त्यावर लिहिलं गेलंच पाहिजे. पण त्याच घरांत मुलंही होती, आणि ती खेळत होती. धबधब्याच्या लेव्हलमध्ये एक जण घाईने वर चढला की खाली राहिलेला साथीदार मरतो. म्हणून ती पोरं एकमेकांना 'थांब, थांब!' म्हणायला शिकली. ही गोष्ट कुठल्या अहवालात सापडेल?

कोनामीने 2019 मध्ये जुने कॉन्ट्रा एकत्र करून पुन्हा विकले. त्यात आता हवं तिथे खेळ साठवता येतो. कंपनीचा इतिहास असा सुरक्षित आहे. आपला नाही, नकली डब्याची नोंद कोण ठेवणार? तेव्हा एक विनंती करतो. माळ्यावर कॅसेट असेल तर भंगारात देऊ नका. तिच्यावर लिहा, कुठल्या बाजारातून घेतली, किती रुपयांना, कोणाबरोबर खेळलात, आणि लाईन किती वाजता जायची. पुढच्या अभ्यासकाला त्या चार ओळी फार कामाला येतील.