तार कुठे तुटली?

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या लॅपटॉपवर अल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले १८७० सालचे वऱ्हाडचे गॅझेटियर चाळत होतो. मध्येच पाने उघडेनाशी झाली. वायफायचे चिन्ह तर पूर्ण दिसत होते. मी सवयीने इंटरनेट कंपनीला दोष दिला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "काका, आधी घरचं पाहू, मंग गावाचं."

त्याने 'पिंग' ही आज्ञा दिली. पहिली हाक १२७.०.०.१ ला, म्हणजे लॅपटॉपने स्वतःलाच. उत्तर आले. दुसरी भिंतीवरच्या राउटरला. तोही बोलला. तिसरी बाहेरच्या एका आकडी पत्त्याला. तिथूनही ओ आली. संकेतस्थळाचे नाव टाकले तेव्हा मात्र सारे गप्प. म्हणजे रस्ता शाबूत होता; नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, डीएनएस, बोलत नव्हती. लॅपटॉपमध्ये कुणीतरी कधीकाळी हाताने भरलेला डीएनएसचा पत्ता त्याने काढून टाकला आणि पान उघडले. बिघाड माझ्याच टेबलावर होता.

'पिंग' माईक मूस यांनी १९८३ साली लिहिले. पण त्यामागची रीत त्याहून शंभर वर्षांनी जुनी आहे आणि तिचे नाते आपल्या कापसाशी आहे.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवाहवासा झाला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा रुळांवर आले आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. १८७० साली मुंबईहून एडन-सुएझमार्गे समुद्राखालची तार लंडनशी जोडली गेली. विलायतेचा भाव जहाजाची वाट न पाहता वऱ्हाडात येऊ लागला. तो आधी कळे व्यापाऱ्याला आणि सगळ्यात शेवटी कळे शेतकऱ्याला. तार बंद पडली की कुणाचे तरी पैसे बुडत.

त्या काळी हिंदुस्थानच्या तारखात्यात लुई श्वेंडलर नावाचे जर्मन विद्युततज्ज्ञ होते. तारमार्गांची तपासणी कशी करावी, यावर त्यांनी खात्यासाठी सविस्तर ग्रंथ लिहिला. तारेचे मुख्य बिघाड तीन: तार तुटणे, तार जमिनीला लागून प्रवाह वाटेतच जिरणे, आणि दोन तारा एकमेकींना चिकटणे. समजा, अकोल्याहून बडनेऱ्याला संदेश जात नाही आणि तार तुटल्याचा संशय आहे. आधी अकोल्याच्या तारघरातली बॅटरी आणि यंत्र तपासायचे. मग साधारण निम्म्यावरच्या मूर्तिजापुरात तार जमिनीला जोडायची. अकोल्याहून सोडलेला प्रवाह वाहिला, तर अलीकडचा टप्पा निर्दोष, दोष पलीकडे. तार जमिनीला लागली असेल, तर तारेचा दर मैलाचा विद्युतरोध ठाऊक असल्याने मोजमापावरून बिघाडाचे अंतरही काढता येई. मग लाइनमन नेमक्या खांबाकडे निघे. नाहीतर भर पावसात काळ्या मातीच्या चिखलातून त्याला खांबामागून खांब पाहत जावे लागले असते.

घरापासून सुरुवात, मग एकेक टप्पा, आणि मोजल्याशिवाय दोष द्यायचा नाही: त्या मुलाने नकळत हेच केले होते.

१५ जुलै २०१३ रोजी भारतातली तारसेवा बंद झाली. तपासण्याची ही सवयही तिच्याबरोबर गेली की काय, अशी शंका येते. आज पीकविम्याचा अर्ज भरायला आलेल्या शेतकऱ्याला खिडकीतून एकच उत्तर मिळते, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." ते कधी खरे असते, कधी टेबलामागची केबल सैल झालेली असते. चार हाका मारायला दोन मिनिटे लागतात. त्या मारल्या नाहीत, तर त्याची एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे जाण्या-येण्याचे भाडे बुडते, आणि शेवटची तारीख असेल तर विमाही. तार कुठे तुटली हे न पाहताच त्याला परत पाठवले जाते. दीडशे वर्षांपूर्वी भाव त्याला सगळ्यात शेवटी कळे. आज बिघाडाची किंमतही तोच मोजतो.