लंडनमधील 'मॅजिक कार्पेट' आणि केशव साठे यांचा तबला

१९७२ साली लंडनमध्ये 'मश्रूम' ह्या लहानशा कंपनीने 'मॅजिक कार्पेट' ह्या वाद्यवृंदाची त्याच नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. सतारीवर क्लेम आल्फर्ड, गिटारवर जिम मॉयीस, गायनास अलीशा सूफिट आणि तबल्यावर केशव साठे, असे हे चौघे. प्रोग्रेसिव्ह रॉकचे संग्राहक आज ह्या मुद्रिकेचा आदराने उल्लेख करतात. मात्र तिच्या भारतीयत्वाचे श्रेय बहुधा सतारीकडे जाते. हे श्रेय पुन्हा तपासून पाहिले पाहिजे. चौघांत भारतात वाढलेला वादक एकच होता, आणि तो तबल्यावर बसला होता.

साठे यांचा जन्म १९२८ साली मुंबईत झाला. १९५६ मध्ये, म्हणजे जॉर्ज हॅरिसनने बीटल्सच्या गीतात प्रथम सतार वाजविण्याच्या नऊ वर्षे आधी, ते लंडनला गेले. लाटेमागून आलेला हा वादक नव्हे. १९६६ च्या 'इंडो-जाझ स्वीट' मध्ये जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या दुहेरी पंचकात तबला त्यांचाच होता. पुढच्याच वर्षी 'जाझ मीट्स इंडिया' ह्या जर्मन मुद्रिकेत पियानोवादिका इरेने श्वाइत्झर यांच्या त्रयीसमवेतही तेच होते.

'मॅजिक कार्पेट' पूर्वी आल्फर्ड, मॉयीस व साठे यांचा 'सरगम' नावाचा लहान वृंद होता. त्यांच्या मुद्रिकेच्या वेष्टनावर मात्र 'सग्रम' असे छापले गेले. भाषाशास्त्रात वर्णविपर्यय म्हणतात तो हाच. फरक इतकाच की येथे तो मुखात न घडता मुद्रणालयात घडला. ज्या शब्दाने संगीताची बाराखडी सुरू होते तोच चुकावा, ह्यावरून त्या बाजारात भारतीय संगीताची जाण कितपत होती हे दिसते. पुढील मुद्रिकेत 'टेक अवे केश' नावाची एक रचना आहे. त्यातील 'केश' हे केशव ह्याचेच आखूड रूप असावे.

ह्या वृंदात रॉकचा नेहमीचा ड्रम-संच नव्हता, ही गोष्ट निर्णायक आहे. रॉकमध्ये चार मात्रांपैकी दुसरी व चौथी आघाताने ठसविली जाते, आणि इंग्रजी गीतातील स्वराघात त्या चौकटीत बसविले जातात. तबल्याचा ठेका आवर्तनाने चालतो; खालीला डग्ग्याचा घुमारा आवरला जातो, समेकडे जाताना तो परततो. इंग्रजी शब्दांना असा आधार मिळाला की आघात नाहीसा होत नाही, पण त्याची सक्ती सैल होते. सतार त्या गीतांना रंग देते. त्यांची चाल बदलतो तो तबला. म्हणूनच साठे यांना 'साथीदार' म्हणून गणणे अपुरे ठरते.

हा वृंद फार काळ टिकला नाही. आल्फर्ड आणि सूफिट यांनी १९९६ मध्ये 'वन्स मूर' ही मुद्रिका काढली. साठे मात्र मधल्या काळात जॉन रेनबोर्न यांच्या गटात गेले होते. त्या गटाच्या १९७७ मधील 'अ मेड इन बेडलम' ह्या मुद्रिकेत जुन्या इंग्रजी लोकगीतांना त्यांचाच तबला आहे, आणि तेथे सतार नाही.