उबुदचे अतिथी

बलिद्वीप हें महाराष्ट्रीय श्रोत्यांस अगदींच परकें नाहीं. जावाच्या पूर्वेस असलेल्या या लहानशा बेटावर रामायण-महाभारतांतील कथा आजही नृत्यांतून व छायानाट्यांतून सांगितल्या जातात, आणि तेथील बहुसंख्य लोक स्वतःस हिंदू म्हणवितात. १९२७ सालीं रवींद्रनाथ ठाकूर हें बेट पाहून आले. त्यांच्यासमवेत भाषापंडित सुनीतिकुमार चट्टोपाध्याय हेही होते. त्याच वर्षीं वाल्टर श्पीस नांवाचा एक जर्मन चित्रकार तेथें राहावयास गेला. उबुद या डोंगराळ गांवाकडे आज जगांतील धनिक जे विसाव्यासाठीं धांवतात, त्या प्रथेचें मूळ बव्हंशीं या चित्रकाराच्या बिऱ्हाडांत सांपडतें.

उबुद हें समुद्रसपाटीपासून सुमारें दोनशें ते तीनशें मीटर उंचीवर वसलेलें आहे. गांवाच्या पश्चिमेस वोस नदीचे दोन प्रवाह एकत्र मिळतात. त्या संगमास चाम्पुहान म्हणतात. मार्कंडेय ऋषि जावाहून येथें आले व त्यांनीं या संगमावर देवस्थान स्थापिलें, अशी तेथील परंपरागत कथा आहे. औषध या अर्थाच्या ‘उबाद’ शब्दावरून गांवास नांव पडलें, असेंही सांगतात. भोंवतालच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनीं उतरत गेलेलीं भातखाचरें हेंच या प्रदेशाचें खरें धन होय.

या शांत चित्रामागें एक रक्तरंजित प्रकरण आहे. १९०६ च्या सप्टेंबरांत बाडुंगचें राजघराणें व १९०८ च्या एप्रिलांत क्लुंगकुंगचें राजघराणें डच सैन्यापुढें शरण न जातां शुभ्र वस्त्रें नेसून, हातांत खंजीर घेऊन मृत्यूस सामोरें गेलें. या आत्मबलिदानास ‘पुपुतान’ म्हणतात. उबुद ज्या ग्यान्यार राज्यांत मोडतें, त्यानें १९०० सालींच डचांचें संरक्षण पत्करलें होतें, म्हणून तेथील राजवाडे बचावले. या संहारानें जगांत दुष्कीर्ति झाल्यावर डचांनीं आपण बलीच्या संस्कृतीचे रक्षक आहों अशी भूमिका घेतली, आणि रक्षिलेली वस्तु लोकांस दाखविण्याचा व्यापारही मांडला. ज्या डेनपसारांत १९०६ चें हत्याकांड घडलें, त्याच नगरांत १९२८ सालीं डच आगबोट कंपनीनें प्रवाशांसाठीं हॉटेल उघडलें.

श्पीसचें घर या हॉटेलाहून अगदीं निराळें होतें. त्याचा जन्म १८९५ सालीं मॉस्को येथें झाला. १९२३ मध्यें तो जावास आला आणि उबुदच्या सुकावती राजकुलाच्या आश्रयानें बलींत स्थिरावला. चाम्पुहानच्या दरीच्या कडेवर त्यानें बांबू, लांकूड व गवत यांचें घर उभारलें. तेथें पाहुण्यांची रीघ लागली. १९३२ मध्यें चार्ली चॅप्लिन बलीस आला असतां त्याची श्पीसशीं गांठ पडली. १९३५ मध्यें कादंबरीकर्त्री विकी बाउम येऊन राहिली. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड व ग्रेगरी बेटसन यांसही १९३६ मध्यें त्याचें मोलाचें साह्य झालें. पाहुण्यानें केवळ बेट न पाहतां तेथील वाद्यें ऐकावीं, चित्रकारांस भेटावें, दरीकडे तोंड करून बसावें, हा क्रम येथेंच रूढ झाला.

पाहुण्यांबरोबर गिऱ्हाईकही आलें, आणि घाईनें केलेल्या मालाची चटक लागूं लागली. तिला आळा घालण्यासाठीं १९३६ च्या जानेवारींत चोकोर्डा गेडे आगुंग सुकावती, श्पीस, डच चित्रकार रुडॉल्फ बोनेट व स्थानिक महाकलावंत लेम्पाड यांनीं ‘पिता महा’ ही संस्था स्थापिली. शंभरावर कलावंत तिचे सभासद होते. त्यांचीं कामें पारखून निवडलीं जात व उत्तम तेवढींच परदेशच्या प्रदर्शनांस धाडलीं जात.

परंतु अतिथ्यांच्या या ओघास प्रथम कंटाळला तो खुद्द यजमानच. १९३७ मध्यें श्पीस आगुंग पर्वतानजीकच्या इसेह या खेड्यांत एकांतासाठीं निघून गेला. पुढील वर्षाच्या अखेरीस अल्पवयी मुलांशीं संबंध ठेवल्याच्या आरोपावरून त्यास अटक झाली व सप्टेंबर १९३९ पर्यंत तो तुरुंगांत होता. महायुद्धांत जर्मन म्हणून डचांनीं त्यास पुनः बंदींत टाकलें, आणि जानेवारी १९४२ मध्यें बंदिवानांस नेणारी ‘व्हान इम्हॉफ’ ही बोट जपानी बाँबफेकींत बुडाली, तींत त्याचा अंत झाला.

युद्धानंतर त्याच्या जागेवर सुकावती घराण्यानें हॉटेल उभारलें. त्याचें घर आजही त्या आवारांत आहे. १९५६ मध्यें ‘पुरी लुकिसान’ हें चित्रसंग्रहालय उघडलें, १९६९ मध्यें दक्षिण किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला, आणि प्रथम गांवकऱ्यांच्या अंगणांतील साध्या खोल्या व पुढें दरीकांठचीं विलासगृहें अशी वाढ होत गेली. त्यांस ‘व्हिला’ म्हणतात. गवती छप्पर, कोरीव दार व उघडा मंडप हीं बलीच्या घराचींच अंगें. तथापि रचना उलटी आहे. बलीचें घर भिंतीआड, अंगणाकडे तोंड करून बसतें, आणि त्याचें देवघर पर्वताच्या दिशेस असतें. विलासगृह मात्र भिंत मोडून दरीकडे व भाताकडे पाहतें. ज्या घळी गांवकऱ्यांस भूतपिशाच्चांच्या वाटत, त्याच आतां सर्वांत महाग ठरल्या आहेत.

येथेंच खरा प्रश्न उद्भवतो. १९६० च्या भूमि-कायद्यानें परदेशीयास इंडोनेशियांत जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाहीं. म्हणून कित्येक वर्षांच्या भाडेपट्ट्यानें खाचरें घेतलीं जातात. पण खाचर एकटें नसतें. ‘सुबक’ नांवाच्या शेतकऱ्यांच्या पाणीवांटप मंडळ्या अकराव्या शतकापासूनच्या लेखांत आढळतात. पाटाचें पाणी केव्हां व कोणास, हें या मंडळ्या देवळांतील पूजेच्या क्रमानुसार ठरवितात. युनेस्कोनें २०१२ मध्यें ही व्यवस्था जागतिक वारशांत नोंदली. वरचें एक शेत तरणतलावाखालीं गेलें, कीं त्याच्या वांट्याची पाट उपसण्याची मजुरी खालच्यांवर पडते. चार शेतें गेलीं, तर पाटच बुजतो. २०१९ मध्यें साठ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी बलीस आले. बेटाची स्वतःची वस्ती मात्र त्रेचाळीस लाखांच्या आंतबाहेर आहे.

यास केवळ परक्यांचा अपराध म्हणतां येणार नाहीं. भाताच्या पिकांतून मुलांचें शिक्षण निघत नाहीं आणि भाडेपट्ट्यांतून निघतें, हा हिशेब शेतकऱ्यानें स्वतः केलेला आहे. ‘पिता महा’नें चित्रांच्या बाबतींत जें केलें, तें जमिनीच्या बाबतींत करणारें कोणी हवें आहे: काय विकावें आणि काय मुळींच विकूं नये, हें एकेकट्यानें न ठरवितां मंडळीनें बसून ठरविणें. सुबकाच्या देवळांत तशी बैठक भरविण्याची रीत शतकानुशतकें चालत आली आहे. ती बैठक पाण्यापुरतीच राहील कीं जमिनीचाही विचार करील, यावर चाम्पुहानच्या दरीतून पुढच्या पिढीस काय दिसेल, हें अवलंबून आहे.