दत्तक गेलेले भूत

ओले केस चेहऱ्यावर सोडलेली, पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी विहिरीतून वर येते, अडखळत टीव्हीच्या पडद्यापर्यंत पोचते आणि काच ओलांडून खोलीत उतरते. जपानबाहेर अनेकांनी हे दृश्य पहिल्यांदा पाहिले ते गोर व्हर्बिन्स्की यांच्या २००२ सालच्या ‘द रिंग’मध्ये. ते मुळात हिदेओ नाकाता यांच्या १९९८ च्या ‘रिंगू’तले. गोष्ट एकच: एक शापित व्हिडिओ कॅसेट, ती पाहिली की फोन वाजतो आणि सात दिवसांनी मरण येते. तेव्हापासून अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, असा एक वाद चालू आहे, आणि तो बहुतेक वेळा जपानी संयम विरुद्ध अमेरिकी आरडाओरडा एवढ्यावर येऊन थांबतो. ही वाटणी मला अपुरी वाटते. मुलाला दत्तक दिले की नाकडोळे तेच राहतात, गोत्र बदलते. या भुताचे तसेच झाले आहे. अमेरिकेने केस, विहीर, कॅसेट सगळे जसेच्या तसे घेतले, पण भुताला घर मात्र दुसरेच दिले. फरक कळायचा तर आधी भुताचे मूळ कुळ पाहावे लागते.

ते बरेच जुने आहे. एदो काळात जपानी स्त्रिया केस बांधत. ते पूर्ण मोकळे सोडले जात ते त्यांच्या प्रेताला निरोप देताना. पांढरे वस्त्रही प्रेताचेच. म्हणून मोकळे केस आणि पांढरा किमोनो एवढे दिसले की बाई मेलेली आहे हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नसे. अठराव्या शतकातला चित्रकार मारुयामा ओक्यो याच्या नावावर असलेल्या भुताच्या चित्रांनी हे रूप पक्के केले. त्यात कमरेखाली आकृती विरत जाते, पाय नाहीतच. (पाय नसलेल्या भुताचे श्रेय परंपरा ओक्योला देते, पण त्याच्या आधीच्या छापील चित्रांतही तशी भुते सापडतात.) विहीर आली ती ओकिकूकडून. मालकाच्या दहा मौल्यवान थाळ्यांपैकी एक हरवल्याचा आळ या मोलकरणीवर येतो, तिचा जीव घेतला जातो, आणि मग दर रात्री विहिरीतून थाळ्या मोजण्याचा आवाज येतो, नऊपर्यंतच. हिमेजीच्या किल्ल्यात आजही ओकिकूची म्हणून एक विहीर दाखवतात. तिसरी पूर्वज ओइवा, त्सुरुया नानबोकु चौथा याच्या १८२५ सालच्या काबुकी नाटकातली. नवऱ्याच्या घरात असतानाच विषाने तिचा चेहरा विद्रूप होतो, एक डोळा लोंबू लागतो. आरशासमोर ती केस विंचरते आणि केसांचे पुंजके हातात येतात. पुढच्या प्रयोगांत एक युक्ती रूढ झाली: रंगमंचावर टांगलेला कागदी कंदील जळत जातो आणि त्यातून ओइवाचे भूत बाहेर सरकते. होकुसाईने ओइवाला कंदिलाच्याच रूपात रंगवले आणि त्याच चित्रमालेत ओकिकूची मान थाळ्यांची केली. उजळलेल्या चौकटीतून बाहेर येणाऱ्या मेलेल्या बाईचा हा प्रवेश टीव्हीच्या कितीतरी आधीचा आहे.

या कुळाला विसाव्या शतकात आणखी एक शाखा फुटली, आणि माझ्या युक्तिवादाचा भार तिच्यावर आहे. कुमामोतो प्रांतात १८८६ साली जन्मलेल्या चिझुको मिफुनेला बंद वस्तूंच्या आतले दिसते अशी ख्याती झाली. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ तोमोकिची फुकुराई यांनी तिच्यावर प्रयोग केले. सप्टेंबर १९१० मध्ये नामवंत शास्त्रज्ञांसमोर जाहीर चाचणी ठेवली गेली. शिशाच्या बंद नळीतल्या कागदावरची अक्षरे ओळखायची होती. चिझुकोने अक्षरे बरोबर सांगितली, पण ती पदार्थविज्ञानाचे जाणकार केंजिरो यामाकावा यांनी तयार केलेल्या नळीतली नव्हती. सरावासाठी फुकुराईंनी दिलेल्या नळीतली होती. वर्तमानपत्रांनी लबाडीचा गवगवा केला. जानेवारी १९११ मध्ये तिने विष घेतले. तेव्हा ती चोविशीत होती. फुकुराई मात्र थांबले नाहीत. मनातली प्रतिमा फोटोच्या काचेवर उमटवता येते असे ते सांगू लागले, त्याला त्यांनी ‘नेन्शा’ म्हटले, १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि अखेर विद्यापीठातले स्थान गमावले. त्या काळात ज्या स्त्रियांवर त्यांनी प्रयोग केले त्यांतल्या एकीचे नाव होते सादाको ताकाहाशी.

‘रिंगू’तल्या भुताचे नाव सादाकोच आहे. तिची आई शिझुको द्रष्टी आहे, तिच्यावर डॉक्टर इकुमा प्रयोग करतात, आणि भरसभेत पत्रकार उठून तिला लबाड ठरवतात. त्यांतला एक जागीच कोसळून मरतो. मारणारी असते बाजूला उभी असलेली लहानगी सादाको. पुढे शिझुको इझू ओशिमा बेटावरच्या मिहारा ज्वालामुखीत उडी घेते. हे स्थळही उगाच निवडलेले नाही: १९३३ साली याच विवरात उड्या घेणाऱ्यांची लाटच आली होती. म्हणजे या गोष्टीत जुन्या अन्यायाच्या जागी नवा अन्याय बसला. ओकिकूवर आळ घेणारा एक मालक होता. शिझुकोवर आळ घेते ती सभा, ते वर्तमानपत्र, तो कॅमेरा. मग सूड कॅसेटमधून येणार यात नवल काय? ज्या साधनाने बदनामी पसरली त्याच जातीच्या साधनाने शाप पसरतो. आणि तपास करणारी नायिका रेइको टीव्हीची पत्रकार आहे, म्हणजे त्या सभेत ओरडणाऱ्यांचीच व्यवसायाने वारस.

यावर पहिला आक्षेप असा की ‘रिंगू’ला तरी मूळ का म्हणायचे? तो चित्रपट कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या कादंबरीवरचा, आणि कादंबरीशी त्याने कमी खेळ केलेला नाही. तिथला पत्रकार पुरुष आहे. चित्रपटात ती घटस्फोटित आई झाली. कादंबरीत सादाकोच्या देहात देवीच्या रोगाचा विषाणू आहे आणि शाप साथीसारखा, जवळजवळ जीवशास्त्राच्या नियमाने फैलावतो. चित्रपटाने विषाणू बाजूला ठेवला. आणि टीव्हीतून बाहेर येणारी सादाको कादंबरीत नाहीच, ती पडद्याची देणगी. आक्षेप मान्य. पण त्याने माझी बाजू पडत नाही, उलट मजबूत होते. कादंबरीपासून दूर जाताना चित्रपट ओइवाकडे, कंदिलाकडे सरकला. भूत घरातल्या घरात हलले. कॅसेटची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली की सुटका, ही अट दोन्हीकडे आहे आणि तीही आयात नव्हे. ‘इतक्या जणांना हे पत्र लिहा, नाहीतर अनिष्ट होईल’ अशी पत्रे १९७० च्या सुमारास जपानभर फिरत होती. संतोषीमातेची पोस्टकार्डे ज्यांनी धास्तावून उतरवून काढली आहेत, त्यांना या अटीतली जबरदस्ती समजावून सांगायला नको.

आता अमेरिकेकडे. एहरेन क्रूगर यांच्या पटकथेत मुलीचे नाव समारा मॉर्गन. वॉशिंग्टन राज्यातल्या एका काल्पनिक बेटावर घोडे पाळणारे जोडपे, ॲना आणि रिचर्ड, मूल होत नाही म्हणून तिला दत्तक घेते. ती आल्यावर घोडे वेडे होतात, समुद्रात शिरून बुडतात, आईच्या डोक्यात नको ती चित्रे उमटू लागतात. मुलीला रुग्णालयात ठेवून कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारले जातात. घरी परतल्यावर बाप तिला तबेल्याच्या माळ्यावर टाकतो. अखेर ॲनाच तिच्या डोक्यावर पिशवी ओढते आणि तिला विहिरीत ढकलते. नेन्शा इथेही आहे, पण फोटोची काच जाऊन एक्स-रेची फिल्म आली आणि सभागृहाच्या जागी मनोरुग्णालय. हा छोटा बदल सगळे काही सांगतो. जपानी चित्रपटात अलौकिक शक्तीला जाहीर परीक्षेला उभे करतात आणि खोटे पाडतात. अमेरिकी चित्रपटात तिला आजार समजून दाराआड तपासतात. तिथे प्रश्न होता ‘ही खरी की खोटी?’, इथे प्रश्न आहे ‘या पोरीचे करायचे काय?’ हा प्रश्न अमेरिकी पडद्याच्या घरचा आहे. १९५६ च्या ‘द बॅड सीड’मध्ये गोड दिसणारी मुलगी खून करते आणि दोष रक्तात शोधला जातो. १९७३ च्या ‘द एक्सॉर्सिस्ट’मध्ये पछाडलेल्या मुलीला आधी यंत्रांखालून काढतात. १९७६ च्या ‘द ओमेन’मध्ये तर बापाने गुपचूप आपलेसे केलेले परके पोरच सैतानाचे निघते. समाराचे नवे गोत्र हे. रेचल, तिचा शोध घेणारी, वर्तमानपत्रात काम करते हे खरे. पण मॉर्गन कुटुंबाचे वाटोळे वर्तमानपत्राने केलेले नाही, त्यामुळे तिचा पेशा माहिती काढण्याच्या कामापुरता उरतो.

दोन कॅसेटी शेजारी ठेवून पाहाव्यात. जपानी कॅसेट छोटी आणि कोरडी आहे. आरशात केस विंचरणारी बाई, मग वर्तमानपत्राची अक्षरे पडद्यावर मुंग्यांसारखी वळवळतात, त्यात उद्रेकाचा शब्द सुटा होतो, डोक्यावर कापड घेतलेला माणूस कुठेतरी बोट दाखवत उभा, शेवटी विहीर. मध्ये एक आवाज बोलतो तो बेटावरच्या बोलीत, आणि त्या बोलीवरूनच रेइकोला ओशिमाचा पत्ता लागतो. बातमी आणि बोली, दोन्ही चारचौघांच्या वस्तू. अमेरिकी कॅसेटमध्ये शिडी, गोम, खिळ्यावर टेकणारे बोट, पेटलेले झाड, मेलेले घोडे. रेचलला पत्ता लागतो तो कॅसेटची कडा सरकवून चित्राबाहेर राहिलेले दीपगृह पाहिल्यावर. चित्रे देखणी आहेत, कधीकधी जपानी चित्रांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पण त्यांचा माग शेवटी एका घराच्या आत, एका आईच्या आणि मुलीच्या डोक्यात जातो. केस विंचरणारी बाई तिथेही ठेवली आहे. तिच्यामागची ओइवा आली नाही, म्हणून ते दृश्य नुसते विचित्र वाटते, ओळखीचे वाटत नाही.

आरडाओरड्याचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. कपाटात आक्रसून मेलेल्या मुलीचा चेहरा अमेरिकी चित्रपट अचानक आदळवतो. बोटीवर घोडा बिथरून पाण्यात झेपावतो तो प्रसंग मात्र दमदार आहे आणि जपानी चित्रपटात त्याच्या तोडीचे काही नाही. शेवटच्या दृश्यात मात्र नाकातांचा हात उजवा ठरतो. रिए इनो या अभिनेत्रीला उलटे चालायला लावून ते चित्रण त्यांनी उलटे फिरवले. म्हणून सादाको पुढे येते, पण शरीर मागे जाण्याच्या सवयीने हलते. आपल्या हडळीचे पाय उलटे असतात, इथे अख्खी चालच उलटी आहे. व्हर्बिन्स्कींनी समाराच्या अंगावर पडद्याचे फरफरते चित्र चढवले, ते हुशार आहे, पण ती तंत्राची करामत दिसते. कुणी म्हणेल, टीव्हीतून येणारे भूत मुळात अमेरिकेचेच, १९८२ च्या ‘पोल्टरगाइस्ट’मधले. तिथे लहान मुलगी मुक्या पडद्याशी बोलते आणि भुते घरात शिरतात, हे खरेच. पण ती भुते घरात येतात ती घर स्मशानावर बांधले म्हणून. टीव्ही हे फक्त दार आहे. सादाकोच्या बाबतीत टीव्ही आरोपींपैकी एक आहे.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटाचा आहे. जपानी चित्रपट समाजाबद्दल आणि अमेरिकी कुटुंबाबद्दल असेल, तर दोघांचे शेवट उलटे कसे? रेइको मुलाला वाचवण्यासाठी कॅसेट घेऊन आपल्या वडिलांकडे निघते. म्हणजे बळी घरातलाच. रेचलला तिचा मुलगा विचारतो की ज्याला दाखवू त्याचे काय, आणि ती गप्प राहते; तिचा बळी बिनचेहऱ्याचा, बाहेरचा कोणी. माझ्या मते यातच दोन्ही कुळांची दिशा दिसते. ‘रिंगू’त सभेने केलेल्या अन्यायाचे देणे घरात येऊन चुकवावे लागते, आजोबा नातवासाठी जातो. ‘द रिंग’मध्ये घरात दडपलेला खून घराबाहेर सांडतो, अनोळखी माणसांवर. एकाचा प्रवास चव्हाट्यावरून उंबरठ्याकडे, दुसऱ्याचा उंबरठ्यावरून चव्हाट्याकडे. शेवट उलटे आहेत कारण सुरुवाती उलट्या होत्या.

हा फरक दिग्दर्शकांच्या स्वभावाचा असेल अशी एक शंका उरते, पण ती तपासायला साधन आहे. ताकाशी शिमिझू यांनी आपला ‘जू-ऑन’ २००४ मध्ये अमेरिकी पैशाने ‘द ग्रज’ म्हणून पुन्हा केला, पण घर टोकियोतच ठेवले आणि भुताच्या भूमिकेत ताकाको फुजीच ठेवली. फक्त फिरंगी भाडेकरू आणून बसवले. तो दत्तकविधान नव्हता, पाहुणचार होता. आणि २००५ मध्ये ‘द रिंग टू’ करायला खुद्द नाकातांना अमेरिकेत बोलावले गेले, म्हणजे जन्मदात्याच्या हाती लेकरू परत आले. त्यांनी सादाको परत आणली का? नाही. तिथे समाराला आई हवी असते, ती रेचलच्या मुलाच्या देहात शिरते, आणि तिला जन्मतःच बुडवू पाहणारी सख्खी आई वेड्यांच्या इस्पितळात सापडते. ना सभा, ना पत्रकारांचा ओरडा. गोष्ट पूर्णपणे आई आणि लेकीची होऊन गेली. त्या सख्ख्या आईच्या भूमिकेसाठी निवड झाली ती सिसी स्पेसेकची, जिने १९७६ मध्ये ‘कॅरी’त मनोबळाने अख्खी शाळा पेटवणारी मुलगी रंगवली होती.