परवडणारी जुनी मोटार कोणती? उत्तर १९५३ सालात सापडते

१/ जुनी मोटार घेऊन ती पुन्हा मूळ रूपात उभी करावी, असे अनेक तरुणांना वाटते. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो : गाडी कितीला मिळेल? इतिहास मात्र वेगळाच प्रश्न विचारायला शिकवतो : तिचे सुटे भाग कोणत्या देशात तयार होत होते? स्वस्त गाडी आणि परवडणारी गाडी यांतला फरक तिथेच कळतो.

२/ स्वातंत्र्यापूर्वी भारतीय रस्त्यांवरच्या मोटारी परदेशी बनावटीच्या होत्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जुळणीचा कारखाना सुरू केला. परदेशातून भाग पेट्यांत भरून येत आणि येथे त्यांची शेवरोले उभी राही. गाडी मुंबईतून बाहेर पडे खरी, पण ती मुंबईत घडलेली नसे, केवळ जोडलेली असे.

३/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन स्वदेशी कंपन्या उभ्या राहिल्या. १९४२ साली बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स आणि १९४४ साली वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातही आरंभी अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणीच होत असे.

४/ १९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला आणि सरकारने धोरण ठरवले : ज्यांच्यापाशी टप्प्याटप्प्याने देशातच उत्पादन करण्याची योजना असेल, त्यांनीच या धंद्यात राहावे. केवळ जुळणी करणाऱ्यांना वाव उरला नाही. १९५४ साली जनरल मोटर्सने मुंबईतील काम थांबवले.

५/ पुढची चार दशके ग्राहकाच्या वाट्याला मोजक्या गाड्या आल्या. परवान्यांच्या राज्यात उत्पादन मर्यादित होते, स्पर्धा जवळजवळ नव्हती आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहावी लागे. कंपन्यांना नवे मॉडेल आणण्याची निकड नव्हती. त्यामुळे एकच गाडी किरकोळ बदलांसह दशकानुदशके बनत राहिली.

६/ त्या पिढीला जी कुचंबणा वाटली, तीच आजच्या हौशी माणसाच्या पथ्यावर पडली आहे. एकच नमुना दीर्घकाळ बनल्यामुळे त्याचे भाग देशभर तयार झाले, विकले गेले, साठले. ती गाडी डोळे मिटून खोलणारे मिस्त्रीही गावोगावी तयार झाले.

७/ पहिले उदाहरण पद्मिनीचे. फियाट ११०० डिलाइट १९६४ साली आली आणि १९७४ साली तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे साधे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगत गिअर. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती कुर्ल्यात बनत होती.

८/ दुसरे अ‍ॅम्बेसेडरचे. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४पर्यंत बनली. तिसरे जीपचे. महिंद्रने १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिचे उत्पादनही देशातच केले.

९/ उलट स्टँडर्ड हेराल्ड पाहा. मद्रासमध्ये बनलेली ही देखणी गाडी १९६१ ते १९७१ एवढाच काळ चालली, म्हणून भाग शोधताना दमछाक होते. परदेशी भागांतून जोडलेल्या शेवरोले-ब्यूकची गत आणखी बिकट. अशी गाडी भंगाराच्या भावात मिळाली तरी एखादी काच किंवा दिव्याचे झाकण परदेशातून मागवताना खिसा रिकामा होतो.

१०/ मॉडेल ठरले की पत्रा तपासावा, इंजिन नंतर. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर यांना स्वतंत्र चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. तळाचा पत्रा व दारांखालचे उंबरे गंजले की गाडीचा कणाच मोडला. रंगावर लोहचुंबक फिरवावे. ते चिकटत नसेल तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असते. इंजिन पुन्हा बांधता येते, कुजलेली बॉडी उभी करणे मात्र फार महाग पडते.

११/ जीपला स्वतंत्र चासी आहे आणि तिचा पत्रा सरळसोट, म्हणून काम सोपे. पण धोका तिथेच आहे. अनेक जीप वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र करून उभ्या केलेल्या असतात. चासी व इंजिनाचा क्रमांक आरसी बुकाशी जुळत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

१२/ कागदपत्रांचे महत्त्व २०२१च्या केंद्रीय नियमांनी अधिक ठळक केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

१३/ मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची मर्यादा ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. पद्मिनीच्या सुट्या भागांचा बाजार प्रामुख्याने या टॅक्सींनीच जिवंत ठेवला होता. आता गिऱ्हाईक उरले ते हौशी लोकांचे. दुकानांतला साठा आणि मिस्त्रींच्या हातातले कसब शाबूत आहे, तोवरच ही गाडी ‘परवडणारी’ राहील.